बाजारभावानंतर लागलेलं गौरीचं गाणं

उज्जैनला आमच्या घरी संध्याकाळी रेडिओ लागायचा तो मंडीच्या भावांसाठी. आमची शेती नव्हती की दुकान नव्हतं. आमचे हे सिंचन खात्यात बाबू. सोयाबीन वर गेलं काय आणि लसूण खाली आला काय, आमच्या घरात त्यानं काही फरक पडत नव्हता. तरी वन्सं रोज हातातलं काम टाकून रेडिओजवळ बसायच्या आणि भाव संपेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत.

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. त्यांना आगरच्या रस्त्यावरच्या एका गावात दिलं होतं. सासरी किराण्याचं दुकान आणि थोडी धान्याची खरेदी. कावीळ होऊन त्यांचे यजमान गेले. तेराव्याच्या दिवशी सासू म्हणाली, "माझा मुलगा गेला, आता नात मी कुणाला देणार नाही." वन्संही तोंडाला येईल ते बोलल्या. दुःखात आपण काय बोलतो ते माणसाला कळत नाही. सासूलाही कळत नव्हतं, वन्संनाही नाही. हे बहिणीला घेऊन घरी आले आणि मुलगी तिकडेच राहिली. पुढे हे दोनदा जाऊन आले. चहा मिळाला आणि मुलगी शाळेत गेलीय असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी तर रविवार होता.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून वन्सं आमच्याकडेच. मला बोलायला येत नाही, म्हणजे चार माणसांत तोंड उघडत नाही, आणि त्यांना बोलायची इच्छा नसायची. त्यामुळे आमचं दोघींचं चांगलं जमलं. एकीनं पीठ मळायचं, एकीनं लाटायचं. दिवसभरात दहा वाक्यं झाली तरी खूप.

एकदा मी विचारलं, "वन्सं, तुम्हाला हो काय करायचंय सोयाबीनचं?"

त्या म्हणाल्या, "मामंजी दुकानात हेच लावतात. भाव ऐकल्याशिवाय ते शटर ओढत नाहीत. त्या वेळी ती त्यांच्याजवळ बसलेली असते, अगदी लहान होती तेव्हापासून. म्हटलं, तेवढा वेळ तरी आम्ही दोघी एकच ऐकतो."

त्या दिवसापासून भावांच्या वेळी मी मिक्सर लावणं बंद केलं.

भाव संपले की आसपासच्या कार्यक्रमांच्या बातम्या लागायच्या. आमच्या भागाचं सरकारी रेडिओ केंद्र लहानसंच होतं, पण त्यांची माणसं गावोगाव फिरायची. कुठे डोळ्यांचं शिबिर, कुठे शाळेचं स्नेहसंमेलन, कुठे कलेक्टरसाहेबांनी झाड लावलं. मधे मधे तिथला आवाजही ऐकवायचे, ढोल, भाषण, टाळ्या. मला ते ऐकायला आवडायचं. पण वन्सं उठून जायच्या. म्हणायच्या, "तिथे आता बंद झाला. मामंजी सेल वाचवतात. शेवटचा भाव कानावर पडला की खट् करून बटन."

आमचं इथल्या मराठी बायकांचं एक मंडळ होतं. मंडळाच्या अध्यक्षबाई बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. त्यांच्या घरी तेव्हा नुकतंच केबल लागलं होतं आणि गच्चीवर टीव्हीची छत्रीएवढी थाळी होती. त्यांनीच बातमी आणली की रेडिओवाले या वर्षी आपलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू रेकॉर्ड करायला येणार आहेत.

"तसा आजकाल रेडिओ ऐकतं कोण!" असं म्हणून त्यांनी पुढच्याच वाक्यात कोणी कोणती साडी नेसायची ते सांगितलं.

एक बाई म्हणाली, "अहो, पण रेडिओत साडी दिसते कुठे?"

"दिसत नाही म्हणून काय गाऊन घालून बसशील?"

मंडळ नेहमी घड्याळाच्या टॉवरजवळच्या एका हॉलमध्ये भरायचं. पण तिथे खाली दुकानं, टेम्पोंचे हॉर्न, कुणाची ना कुणाची कॅसेट लागलेली. रेडिओवाल्यांनी सांगितलं होतं, जागा शांत पाहिजे. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडे करू या. नानाखेड्यात काय, कुत्रंसुद्धा भुंकत नाही." तेव्हा आमची कॉलनी नवी होती आणि अर्धे प्लॉट रिकामेच होते. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं ते मला कधी कळलंच नाही.

आदल्या दिवशी मी हरभऱ्याची डाळ वाटत होते आणि वन्सं कैऱ्या किसत होत्या. दरवर्षी आंबेडाळ त्यांच्याच हातची व्हायची, पण हळदीकुंकवाला त्या कधी बाहेरच्या खोलीत येत नसत. कुणी ये म्हणत नसे, नको असंही म्हणत नसे. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वाट्या आणून ठेवायच्या आणि मागे फिरायच्या.

किसता किसता त्या म्हणाल्या, "वहिनी, ऐक ना. ते रेडिओवाले येणार, त्यात मला दोन ओळी म्हणता येतील का?"

इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. दिवाळीला साडी आणली तरी आधीची नवीच आहे म्हणायच्या. मी डाळ वाटायची थांबले.

"कोणत्या ओळी?"

"आईचं गौरीचं गाणं. झोक्याचं. मी तिला तेच म्हणून निजवायची. दुसऱ्या गाण्यानं झोपायचीच नाही. मेली हट्टी."

"पण ते तर भाव झाल्यावर बंद करतात ना?"

"करतात." त्यांनी कैरी फिरवून दुसऱ्या बाजूनं किसायला घेतली. "एखाद्या दिवशी हात उशिरा जाईल."

अध्यक्षबाईंना कसं विचारायचं ते मी रात्री पडल्या पडल्या ठरवत होते. चार-पाच वाक्यं तयार केली. सकाळी त्या आल्या, गौरीच्या आराशीत कलिंगडाचं कमळ थोडं डावीकडे सरकवलं, आणि माझी सगळी वाक्यं गेली.

दुपारी रेडिओवाले भाईसाहब आले. मध्यम वयाचे, घामेजलेले. खांद्याला टेपचं यंत्र, कानाला हेडफोनचे डबे. आल्या आल्या त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. चैत्राचं ऊन, बंद खोली, वीसेक बायका आणि सगळ्या रेशमात. मग त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि डोळे मिटून नुसतंच ऐकलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन शेजारणीला गॅस बंद करायला सांगून आले. शेजारीण म्हणाली, "क्या हुआ, कोई गुजर गया?" मी म्हटलं, "नहीं, रेडिओ आया है."

आधी अध्यक्षबाई बोलल्या. मंडळ कधी सुरू झालं, काय काय करतं. चांगलंच लांबलं. मग बायकांनी गौरीला झोका देत गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली नाही तोच भाईसाहबांनी हात हलवला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. त्यांनी कानावरचे डबे काढले आणि साधेपणानं म्हणाले, "गाना तो बहुत बढ़िया है. बस चूड़ियाँ बहुत बज रही हैं. आप लोग दो मिनट के लिए चूड़ियाँ उतार दीजिए."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"अगं बाई!"

"काय मेलं बोलणं हे! गौरीसमोर!"

"भाईसाहब, आपके घर में कोई है कि नहीं?"

"सोन्याच्या काढते हवं तर, काचेच्या नाही हं!"

ते बिचारे घाबरले. चूक काय झाली ते त्यांना समजलं आणि कान लाल झाले. "माफ करना, माफ करना, मैं तो मशीन की सोच रहा था." त्यांनी दोन्ही हात जोडले. मला त्यांची दया आली. मी आतून यांचे रुमाल, जुन्या धोतराच्या पट्ट्या, जे सापडेल ते आणलं. बायकांनी बांगड्यांवर घट्ट गुंडाळलं. झालं, सगळ्यांचे हात मोडल्यासारखे दिसायला लागले. एकीनं दुसरीला विचारलं, "कुठे पडलीस गं?" आणि जे हसू सुटलं ते थांबेचना. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. गाणं सुरू करायचं, कुणीतरी हाताकडे बघायचं, की पुन्हा तेच.

भाईसाहबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "ऐसा कीजिए, कोई एक बहन अकेली गा दे. बिना ताली के. दो मिनट भी बहुत हैं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तू म्हण, तू म्हण. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. माझ्या मागे वन्सं पन्ह्याचे पेले भरत होत्या. त्यांचं भरणं थांबलं, ते मला पाठीला कळलं.

मी म्हटलं, "वन्संना येतं. त्या म्हणतील."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मंडळात मी याआधी कधी बोलले असेन तर ते "अजून डाळ घ्या ना" एवढंच. सगळ्यांनी वळून बघितलं.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. पण त्या गोंधळल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, पण गौरीचं गाणं... त्यांनी..." आणि पुढचं बोलल्या नाहीत. मला वाटलं, आपण उगाच वन्संना सगळ्यांसमोर उभं केलं. आता त्या परत जातील आणि पुन्हा कधी काही मागणार नाहीत.

मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर बाई, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो, भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. एका मनगटाला धोतराची पट्टी, दुसरं उघडं. त्या म्हणाल्या, "गौर का बसवलीय आपण? ती महिनाभर माहेरी आलीय म्हणून ना? मग ही कुठे आहे? हीपण माहेरीच आहे की. माहेरवाशिणीला माहेरवाशीण गाणं म्हणेल, त्यात तुमचं काय जातंय? आणि लवकर म्हणा गं बायांनो, या पट्टीनं मला खाज सुटलीय."

पुन्हा हशा झाला. त्या हशात वन्सं ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि मायक्रोफोनसमोर बसल्या.

त्या कशा गायल्या ते मला लिहून सांगता येणार नाही. फार मोठा आवाज नव्हता. निजवताना आपण म्हणतो तसा, समोरच्याला पुरेल एवढाच. एक ओळ संपली की थोडं थांबायच्या, जणू डोळे मिटले का ते बघतायत. भाईसाहब मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावरही त्यांनी हात वर तसाच ठेवला, आणखी थोडी शांतता भरून घेतली, मग बटन बंद केलं.

"आपका नाम?" त्यांनी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "नाम मत बोलना." मग मला मराठीत म्हणाल्या, "नाव ऐकून तिथे राग नको यायला. ओळखायचं असेल तर ती नावाशिवाय ओळखेल."

बायका हळदीकुंकू घेऊन, डाळ-पन्हं घेऊन गेल्या. भाईसाहब अंगणात वायरी गुंडाळत होते. मी त्यांना पन्ह्याचा पेला नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी पेला रिकामा केला तरी मी उभीच.

"कुछ कहना है, बहनजी?"

माझी हिंदी बाजारापुरती. त्यातून परक्या पुरुषाशी बोलायचं. मी पेल्याकडे बघून म्हटलं, "भाईसाहब, हमारा वाला पहले लगाओगे क्या? भाव के एकदम बाद?"

ते हसले. "सब यही कहते हैं. पर पहले तो कलेक्टर साहब ही जाएँगे. क्रम ऊपर से तय होता है. मेरे हाथ में तो बस टेप काटने की ब्लेड है."

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, अर्धं मराठीच गेलं असेल. मुलगी, आजोबा, दुकान, सेल, बटन. ते वायर गुंडाळायचे थांबले.

"बच्ची कितनी बड़ी है?"

"छूटी तब इतनी थी." मी हातानं दाखवलं. "अब मालूम नहीं."

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "देखता हूँ," एवढंच म्हणाले. वचन काही दिलं नाही. म्हणून मी वन्संना यातलं काही सांगितलं नाही.

कार्यक्रम लागायचा त्या दिवशी यांनी ऑफिसातून येताना फ्रीगंजच्या बाजारातून नवे सेल आणले. आमचा रेडिओ विजेवर चालायचा, पण वीज गेली तर, म्हणून. नुसते सेल रेडिओजवळ ठेवले. यांचा स्वभावच तसा. पोह्यांची बशी घेऊन दारातच बसले.

भाव सुरू झाले. सोयाबीन, गहू, डॉलर चना. ही मंडी, ती मंडी. वन्संच्या हातात निवडायला घेतलेली मेथी होती, पण एकही पान खुडलं जात नव्हतं. भाव सांगणाऱ्याचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. लसूण आला, म्हणजे आता शेवट. मी रेडिओकडे बघत नव्हते, वन्संच्या अंगठ्याकडे बघत होते. तो देठावर दाबून ठेवलेला.

रोज लसणानंतर कार्यक्रमाची धून वाजायची, मग नमस्कार, मग कलेक्टरसाहेब. त्या दिवशी धून वाजली नाही, नमस्कार झाला नाही. लसणाच्या भावाला लागून, मधे श्वासही न घेता, वन्संचा आवाज आला. त्या स्वतःच दचकल्या. पहिली पूर्ण ओळ तशीच गेली, दुसरी गेली, तेव्हा कुठे निवेदकाचा आवाज हळूच वर आला आणि म्हणाला की आज सुरुवात उज्जैनच्या एका बहिणीच्या आवाजानं करत आहोत. मग परत थोडं गाणं, आणि मग कलेक्टरसाहेबांची पाणपोई.

हे म्हणाले, "ताई, छान आला आवाज." पोहे तसेच होते.

वन्संनी रेडिओ बंद केला. "दोन ओळी गेल्या," त्या म्हणाल्या. "पण मामंजींचा हात बटनावर लगेच जातो." आणि मेथी निवडायला लागल्या.

अध्यक्षबाई दुसऱ्या दिवशी रागानं आल्या. त्यांचं सगळं भाषण कापलं होतं, मंडळाचं नुसतं नाव आलं होतं. "मी एवढं पाठ केलं होतं!" मग चहा घेताना म्हणाल्या, "पण गाणं मात्र, खरं सांगू, मी टीव्ही बंद करून ऐकलं." वन्सं आतच होत्या. त्यांनी ऐकलं की नाही ते माहीत नाही.

दोन-तीन दिवस काही नाही. वन्सं रोज भाव ऐकत होत्या, पण आता ऐकताना त्यांचं तोंड उतरलेलं असायचं. मला भीती वाटायला लागली की आपण त्यांचं ते एकत्र ऐकणंही बिघडवून ठेवलं. आधी निदान तिकडून काही यायचं नव्हतंच, म्हणून वाट बघायची नव्हती.

मग एका दुपारी कोपऱ्यावरच्या पी.सी.ओ.वाल्यानं रस्त्यातून आवाज दिला, "बाबूजी के यहाँ का फोन है! आगर तरफ से! होल्ड पे हैं, जल्दी आओ!" त्याच्याकडे कॉलनीतल्या सगळ्यांचे निरोप यायचे. यांनी पूर्वी केव्हातरी तो नंबर तिकडे देऊन ठेवला होता.

वन्संनी माझा हात धरला आणि तो तसाच धरून आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. काचेच्या खोपटात दोघी मावत नव्हतो. त्या आत आणि मी दारात, दार अर्धं उघडं.

"हॅलो," त्या म्हणाल्या. फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला होता. मग म्हणाल्या, "नाही गं. सर्दी नाही झाली. ते यंत्रातून तसं येतं." परत ऐकलं. "हो. मीच." परत ऐकलं. "हो, गं, हो, तेच." आणि त्या हसल्या. मी त्यांच्याबरोबर एका घरात इतकी वर्षं राहिले, पण ते हसू मला नवीन होतं. त्यात आवाज होता.

मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला. त्यावरून मी ओळखलं की आता फोनवर मामंजी आले. त्यांनी सगळं नुसतं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "हो. घ्यायला येते. नमस्कार करते," आणि फोन ठेवला.

पी.सी.ओ.वाला म्हणाला, "सब ठीक?" आम्ही दोघींनी मान हलवली.

घराकडे येताना त्यांनी मला सांगितलं. मामंजींचा हात बटनावर गेला होता. मुलीनं तो धरला. नुसता धरून ठेवला, गाणं संपेपर्यंत. मग तीन दिवस ती रोज विचारत होती, आईला सर्दी झालीय का, औषध कोण देतं. आजीसमोर विचारायची. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, "फोन लावा एकदाचा आणि विचारा." तिची परीक्षा झाली आहे. रविवारच्या बसनं आजोबा तिला घेऊन इथे देवास गेटच्या बस स्टँडवर उतरतील. चार दिवसांसाठी. पुढचं पुढे बघू, असं म्हणाले.

"चार दिवस पुष्कळ झाले," वन्सं म्हणाल्या. मग चालता चालता मधेच थांबल्या. ऊन चांगलंच होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं.

"वहिनी, तिला आता खायला काय आवडतं, ते विचारायचंच राहिलं."

मी म्हटलं, "आल्यावर विचारू की."

"ती लाजली तर?"

"मग सगळंच करू," मी म्हटलं, आणि आम्ही घरी जायच्याऐवजी भाजीवाल्याच्या ठेल्याकडे वळलो.